राखेतला घेवडा

२ मार्च

ती. वन्संना
शि. सा. न. वि. वि.

अचानक पत्र आलं म्हणून दचकू नका, इकडे सगळे खुशाल आहेत. तुमचे बंधुराजही खुशाल. डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांची घड्याळं दुरुस्त करतात आणि स्वतः रोज दुकानात उशिरा पोहोचतात.

बातमी अशी की आमच्या इमारतीमागे मोडक्या खुर्च्या आणि फुटक्या बादल्या पडायच्या ती जागा साफ झाली. तिथे आता सगळ्यांची मिळून भाजीची बाग होणार आहे. थंडी सरली आणि सगळ्यांच्या अंगात एकदम शेतकरी संचारला. पुढाकार अर्थातच आमच्या सेक्रेटरीणबाईंचा. तुम्हाला आठवतील, मागच्या खेपेला तुम्ही जिन्यात पिशवी टेकवलीत तर मागोमाग येथे पिशव्या टेकवू नयेत अशी पाटी लावणाऱ्या. आम्ही त्यांना सूचनाबाई म्हणतो. बागेत अजून एक पान उगवलेलं नाही, पण सूचना उगवल्या आहेत. गांडुळांना विनाकारण त्रास देऊ नये, हीसुद्धा त्यात आहे. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर रबरी हातमोजे घालून येतात आणि खुरपं असं हळूच खुपसतात की जणू माती आता कळवळून ओरडणार.

प्रत्येक घराला एकेक वाफा मिळाला. मला मिळाला तो भिंतीकडेचा, कचऱ्याच्या डब्यांना लागून. आपला वशिला नाही, दुसरं काय! पंधरा मेला पाहणी आहे. ज्याचा वाफा उजाड दिसेल त्याचा काढून घेणार आणि तिथे सूचनाबाई फोटो काढायला कमान उभारणार. कमानीचा रंगसुद्धा ठरलाय.

म्हणून हे पत्र. मला आईंचा घेवडा लावायचा आहे, जांभळ्या ठिपक्यांचा, जुन्या घराच्या कुंपणावर चढायचा तो. बाजारात तसा मिळत नाही, सगळी दुकानं पालथी घातली. मी इथे सगळ्यांसमोर फुशारकी मारून बसले आहे की आमच्या सासूबाईंसारखा घेवडा तुम्ही जन्मात पाहिला नसेल. डबा तुमच्याकडे आहे. आता माझी अब्रू तुमच्या हातात.

कळावे. लोभ असू द्यावा, आणि तो बियांसकट पाठवावा.

तुमची भावजय


९ मार्च

चि. सौ. धाकटीस
अनेक आशीर्वाद.

तुझ्या हाताला यश येवो असं लिहिणार होते, पण तुझा हात मला माहीत आहे. तुझ्या घरात प्लास्टिकचं फूलसुद्धा कोमेजतं. तरी मागते आहेस तर पाठवते.

आई गेली तेव्हा मी दागिना मागितला नाही की भांडं मागितलं नाही. फक्त घेवड्याचा डबा उचलला. चार वर्षं कपाटात आहे, झाकणही उघडलं नव्हतं. काल उघडला तर दाणे जसेच्या तसे, एक कीड नाही. आईचं काम असायचंच तसं. सगळेच पाठवते आहे. माझ्या पाचव्या मजल्याच्या खिडकीत ऊन येत नाही, मागे ठेवून मी काय करू? पण बाई गं, जप. हा घेवडा गेला तर आईचं म्हणावं असं जितंजागतं काहीच उरणार नाही. पेरण्याआधी हात धू, आणि पेरल्यावरही धू.

काकूकडेही असेल म्हणतात, पण माझ्यापुढे तिचं नाव काढू नकोस. आई गेल्यावर सगळे जमलो होतो, त्या दिवशी ही बया भरल्या ताटावरून उठली. आता यांच्याकडे उरलं काय, असं चारचौघांत म्हणून चालती झाली. सख्खी काकू, पण बोलली अशी की आम्ही भिकेला लागलो होतो! त्या दिवसापासून मी तिचं तोंड पाहिलेलं नाही आणि पाहायचंही नाही.

बंधुराजांना म्हणावं, जरा लवकर उठा. माया आहेच, ती बोलण्यावरून मोजू नये.

तुझी नणंद


४ एप्रिल

ती. वन्संना
शि. सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही, तेव्हा आधी टेकून बसा.

डॉक्टरांच्या वाफ्यात मुळ्याला पानं आली. पहिल्या मजल्यावरचं जोडपं पालकाला सकाळ-संध्याकाळ गाणी ऐकवतं, तोसुद्धा बिचारा सहन करून वर आला. माझ्या वाफ्यात मात्र एक कोंब नाही. पाणी घालते, पक्ष्यांना हाकलते, मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि माझं लक्ष घेवड्यात. सूचनाबाईंनी परवा वाफ्यात काठी रोवून पाटी लावली, हा वाफा रिकामा आहे काय? काल मोजपट्टी घेऊन आल्या आणि माझ्यादेखत कमानीची रुंदी मोजून गेल्या. मी त्यांना म्हटलं की आमचा घेवडा जरा खानदानी आहे, उठायला वेळ लावतो. त्यावर त्या म्हणाल्या की खानदानी माणसं उठलेली त्यांनी अजून पाहिली नाहीत. तुम्ही असता तर चोख उत्तर दिलं असतंत.

शेवटी काल एक दाणा उकरून पाहिला. कुजून लगदा झाला होता. मग तुमच्या बंधूंनी पिशवीत उरलेल्यांतला एक दाणा घड्याळाच्या चिमट्यात धरला, भिंगातून उलटसुलट पाहिला, आणि मला वाटलं आता काही तरी शास्त्र सांगतील, तर टाकला तोंडात. कुडूमकुडूम चावला आणि म्हणाले, खमंग आहे, फक्त मीठ कमी पडलंय.

वन्सं, मीही एक खाऊन पाहिला. हे दाणे भाजलेले आहेत. चांगले खरपूस भाजलेले. महिनाभर मी फुटाण्यांना पाणी घालत होते!

काय ते लवकर कळवा. लोभ आहे, धीर मात्र सुटत चाललाय.

तुमची भावजय


१० एप्रिल

चि. सौ. धाकटीस
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि पलंगावर बसले ती तासभर उठलेच नाही. सगळं आठवलं. आई दोन डबे करायची. खायचे दाणे कीड लागू नये म्हणून भाजून चकचकीत डब्यात, आणि पेरायचे राखेत कालवून त्या पोचे आलेल्या काळ्या डब्यात. मी मेली चकचकीत पाहून भुलले.

म्हणजे बियांचा डबा तुझ्याकडे राहिला! कुठे आहे तो? घर हलवताना भंगारात तर घातला नाहीस? घातला असशील तर तसं स्पष्ट लिही, मी मन घट्ट केलं आहे. तुझा वेंधळेपणा मला नवा नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू चहात साखरेऐवजी रवा घातला होतास, तोही मी प्यायले होते. पण हे चहासारखं नाही गं. आईने सगळा जन्म ते बी सांभाळलं, आणि तुझ्या हाती चार वर्षं टिकू नये?

उत्तर ताबडतोब धाड. लोभ आहे की नाही ते उत्तर आल्यावर.

तुझी नणंद


१५ एप्रिल

ती. वन्संना
शि. सा. न. वि. वि.

काळा डबा माझ्याकडेच आहे, सुखरूप आहे, त्यात मी कपड्यांचे चिमटे ठेवते. तो रिकामा कसा झाला ते सांगते. आधी घोटभर पाणी प्या.

आई गेल्यावर सगळे जमलो त्या दिवशी घरात ही गर्दी. तुम्ही स्वयंपाकघराचा ताबा घेतलात. तुम्ही पडलात मेट्रन, सगळी कारकीर्द दवाखान्यातल्या चादरी आणि नर्सा सरळ करण्यात गेलेली. फळीवर तो डबा सापडला, उघडलात तर आत राख. काय ही अस्वच्छता, खाण्याच्या वस्तूत राख, असं म्हणत तुम्ही दाणे चाळलेत, पाणी बदलून बदलून धुतलेत, आणि पातेलंभर शिजवलेत. एकही मागे ठेवला नाहीत. मी कोपऱ्यात कांदा चिरत होते. मला वाटलं, पोटची लेक आहे, तिला नाही कळणार तर कुणाला? आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तुमच्यापुढे कोण तोंड उघडणार होतं! घेवडा मात्र फक्कड झाला होता. तुम्ही दोनदा वाढून घेतलात.

आता काकूंचं ऐका. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याशेजारीच उभी होते. त्यांनी ताटात पाहिलं, मग खिडकीत घासून पालथा घातलेला काळा डबा पाहिला, आणि हात आखडला. आता यांच्याकडे उरलं काय, असं म्हणाल्या आणि उठल्या. वन्सं, त्या तुमच्या गरिबीबद्दल बोलल्याच नव्हत्या. त्या घेवड्याबद्दल बोलल्या होत्या. मलाही हे आत्ता, तुमचं पत्र वाचताना कळलं.

आता जगात तो घेवडा असलाच तर एकट्या काकूंकडे. मी मागितला असता, पण त्या म्हणतील की शिजवणारीला मागू दे, आणि बरोबरच म्हणतील. पंधरा मे काही लांब नाही. आईंचा घेवडा हवा की चार वर्षांचा रुसवा, एकच काय ते ठरवा.

बोलले ते जास्त वाटलं तर चहातल्या रव्यात जमा करा. लोभ तुटू देऊ नये.

तुमची भावजय


२० एप्रिल

ती. काकू यांस
शि. सा. न. वि. वि.

आपली प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक. हवा बरी आहे. धाकटीच्या इमारतीत भाजीची बाग काढली आहे. बागकामाने व्यायाम चांगला होतो.

काकू, हे पत्र मी किती वेळा फाडलं ते माझ्या केराच्या टोपलीला विचार. आता सरळच लिहिते. त्या दिवशी मी आईचं बी शिजवलं. मला कळलंसुद्धा नाही, आणि ज्या एका माणसाला कळलं त्याच्याशी मी बोलणं टाकलं. वर गावभर तुलाच नावं ठेवली. आता माझ्याकडे भाजलेले दाणे आहेत आणि आई नाही. रात्री तेच डोक्यात येतं आणि रडू येतं, ह्या वयात.

तुझ्याकडे तो घेवडा असेल तर मूठभर दे. नसेल तर नाही म्हण, पण काही तरी लिही.

लोभाची मागणी करायला तोंड नाही, तरी करते.

तुझी पुतणी


२४ एप्रिल

चि. पुतणीस
आशीर्वाद.

पहिल्या चार ओळी कुणाकडून लिहून घेतल्यास? मला आपण म्हणालीस तेव्हा वाटलं विजेचं बिल आलं. पुढे आपणवरून तूवर आलीस तेव्हा ओळख पटली.

बी सोबतच्या पुडीत आहे. राख झाडू नकोस. धुऊ नकोस. तुझ्या हाताला साबणाचा वास असेल तर पुडी उघडूही नकोस, तशीच धाकटीकडे पाठव. तिला रवा आणि साखर कळत नसेल, पण तिच्या अंगात स्वच्छता तरी कमी आहे.

चार वर्षं मी हे स्वतःहून का पाठवलं नाही, असं तुझ्या मनात येईल. आलंच असेल. तू माझ्या फोनला उत्तर दिलं नाहीस, आणि मी का वाकू? मीही याच घरातली आहे. पण दर वसंतात लावत होते, दर वर्षी राखेत घालत होते, आणि तुझ्या नावाने बोटं मोडत होते. बरं पीक यायचं.

आता एक सांगते, जे तुझ्या आईने कुणाला सांगू नको म्हटलं होतं. तिचं माझं कधी पटलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी तिला हट्टी म्हणायचे, ती मला खवट म्हणायची, दोघीही खरं बोलत होतो. तरी दर वर्षी नवं बी निघालं की मूठभर मला आणून द्यायची. एकदा मी विचारलंच की घरात लेक आहे, सून आहे, मग मला कशाला? तर म्हणाली, सून भोळी आहे, ती ठेवेल कुठे ते विसरेल. लेक फार स्वच्छ आहे, ती एक दिवस धुऊन टाकेल. तुझ्याकडे राहील, कारण मला टोमणा मारायला तरी तू ते जपशील.

तेव्हा रडू नकोस. तुझी आई तुला पुरती ओळखून होती, आणि तुझ्या चुकीची सोय आधीच करून गेली. मला मात्र फुकट राखणीला बसवलं, त्याबद्दल वर गेल्यावर तिला बघून घेईन.

एकदा येऊन जा. पाहायचं नाही ते तोंड अजून तसंच आहे.

तुझी खवट काकू


१६ मे

ती. वन्संना
शि. सा. न. वि. वि.

काल पाहणी झाली. आईंचा घेवडा वर आला! वाकडी मान करून, पाठीवर टरफल घेऊन, ओळीने. मी वाफ्याशी बसून रडले तर डॉक्टरांनी हातमोजा काढून रुमाल दिला. त्यांचा उघडा हात इमारतीने पहिल्यांदाच पाहिला. सूचनाबाई वाकून वाकून बघत होत्या, कुठे खोट सापडते का. नाही सापडली. कमान आता गच्चीवर जाणार, तिथे फोटोत पाण्याच्या टाक्या येतील.

तुम्ही काकूंकडे जाऊन आलात हे त्यांनीच कळवलं. तुम्ही स्वयंपाकघरात पाऊल टाकताच त्यांनी सगळे डबे उचलून माळ्यावर ठेवले म्हणे. आणि निघताना दोघी दारात कितीतरी वेळ उभ्या होतात, हेही लिहिलंय. कोण आधी रडलं ते मात्र लिहिलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. पुडीसोबत तुम्ही काकूंचं पत्रही धाडलंत, ते वाचून पुडीतलं सगळं बी मी पेरलं नाही. निम्मं राखेसकट वेगळं काढलं. तुम्हाला वाटेल तुमच्यासाठी, पण नाही. ते सूचनाबाईंना देऊन आले. हो, त्यांनाच! त्यांनी संशयाने पुडी हुंगली, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, आणि दोन मिनिटांत तिच्यावर चिठ्ठी डकवली, यास कोणीही हात लावू नये. कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. पुढच्या वसंतात लावीन म्हणाल्या, आणि माझ्यापेक्षा बरा आणून दाखवीन असंही म्हणाल्या. माझं त्यांच्याशी या जन्मात पटायचं नाही, तेव्हा बी अगदी योग्य ठिकाणी पडलं आहे.

आपल्या घरात पुढचा वेंधळा कोण निघेल ते काय सांगता येतं! माझा संशय तुमच्या बंधूंवर आहे. वेलाला अजून फूल नाही, आणि हे काल मिठाची बरणी घेऊन वाफ्याकडे फेरी मारून आले.

लोभ आहेच. थोडा काकूंकडेही ठेवत जा, तिथे टिकतो.

तुमची भोळी भावजय