मागच्या सीटवरचा तेलाचा डाग

नाना, त्या दिवशी सकाळी मी तुमच्या आधी दुकानात आलो, भडगावहून आलेल्या अँबॅसिडरचं मागचं दार उघडलं आणि सीटच्या पाठीवरचा तेलाचा डाग काढून टाकला. आदल्या संध्याकाळी तुम्ही मेहरूणला घरी गेल्यावर मी त्यावर डाळीचं पीठ थापून ठेवलं होतं. सकाळी ते तेल पिऊन पिवळं पडलेलं. पीठ झटकलं, रिठ्याचा फेस मऊ ब्रशावर घेतला, कडेकडून आत आत येत गेलो आणि ओल्या फडक्याने टिपून घेतलं. मखमलीवर काही म्हणता काही उरलं नाही. मी मागे सरून पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

गाडी आली तेव्हा तुम्ही तिला हात लावला नव्हता. तुमची रीतच ती. आधी दार उघडायचं, डोळे मिटून वास घ्यायचा, मग कामाला लागायचं. गिऱ्हाइकाला काय झालं ते विचारायचं नाही, कारण सांगताना माणूस शरमतो नाहीतर रडतो. मी तेव्हा चौतिशीचा. गावचं शिवणकाम सोडून तुमच्याकडे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला येऊन जेमतेम आठ महिने झालेले. तुम्ही दार लावलंत आणि हळूच म्हणालात, "गाडीमा मानूस गयेल शे, भो." खरंच तसं होतं. गाडीच्या मालकांना जळगावला दवाखान्यात आणताना वाटेत ओकारी झाली आणि मागच्या सीटवरच ते गेले. तेरावं झाल्यावर थोरल्या मुलाने गाडी आपल्याकडे आणली. वर्षाच्या आत बहिणीचं लग्न उरकायचं होतं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागलं असतं, आणि नवरी याच गाडीतून जायची होती.

चार दिवस आपण त्या गाडीत होतो. खालचा गालिचा काढून वर दुकानाच्या धाब्यावर वाळत घातला, सीट थंड पाण्याने आणि मिठाने पुसली, खायचा सोडा भुरभुरून चोळला, सीटखाली कोळशाच्या पाट्या ठेवल्या आणि चारी दारं उघडून गाडी उन्हात सोडून दिली. मी म्हटलं, थोडं अत्तर मारू या का? तुम्ही हसलात. "अत्तर टाकं तं एकना दोन वास व्हतीन. मंग कोनले धुशी?"

तिसऱ्या दिवशी मुलाबरोबर अक्का आल्या, मालकांच्या बायको. मुलगा रस्त्यापलीकडे चहाला गेला तशा त्या गाडीजवळ आल्या, डाव्या कोपऱ्यात सीटच्या पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "बठ्ठं धुई टाका, नाना. फक्त हाऊ डाग ऱ्हाऊ द्या." मालक कायम त्याच कोपऱ्यात डोकं टेकून बसायचे. रोज आवळ्याचं तेल लावायचे. वर्षानुवर्षं त्यांचं डोकं टेकून तळहाताएवढी जागा काळपट झाली होती. तुम्ही पागोटं सरळ केलंत आणि म्हणालात, "अक्का, त्याले कोनी हात लावाव नही." मी तेव्हा गाडीच्या पलीकडच्या बाजूला खाली बसून गालिच्याची किनार टाचत होतो.

चौथ्या सकाळी तुम्ही आलात, वास घेतलात, मान हलवलीत, आणि मग तुमचा हात त्या कोपऱ्याकडे गेला. तिथेच थांबला. मी आपणहून म्हणालो, "नाना, मला ठाऊक नव्हतं." तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "तुना हात लई चांगला शे. पन त्या हातले कान नही." इतक्यात मुलगा आणि अक्का गाडी न्यायला आलेच. मुलगा आत डोकावून खूश. "वा, नाना! शोरूममधून काढल्यासारखी!" अक्कांनी मात्र कोपरा पाहिला. मी ओलं फडकं हातात धरून तुमच्या शेजारी उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अक्का, मना हातथीन व्हई गयं," म्हणालात. त्या म्हणाल्या, "नाना, तुम्ही शबद दिन्हा व्हता." मागे न बसता पुढे मुलाशेजारी बसून गेल्या.

त्यानंतर कित्येक वर्षं भडगावकडची एकही गाडी आली नाही. तुम्ही गेलात, दुकान माझ्याकडे आलं. मी देवापुढे दिवा लावतो, शनिवारी मारुतीला जातो, आणि देवाला हे किती वेळा सांगून झालं. पण देवाने कुठे तुम्हाला नावं ठेवली होती? गेल्या महिन्यात भडगाव भागातला एक माणूस जीप घेऊन आला. पाटी वाचून हसत म्हणाला, "हे त्याच नानांचं दुकान का? शब्द देऊन डाग पुसणाऱ्या?" तुम्हाला जाऊनही नऊ वर्षं झाली, नाना. मी त्याची सीट धुतली, पण तो डाग कोणी काढला ते त्याला सांगितलं नाही.

परवा मी एसटीने भडगावला गेलो. अक्का ओट्यावर शेंगा फोडत होत्या, मुलगा आणि सून तिथेच. मी कोण ते सांगितलं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, तो डाग मी काढला होता. मुलगा म्हणाला, "अहो, एवढ्यासाठी आलात?" अक्कांनी हात थांबवले. "तुम्हाले माहीत नव्हतं का, भाऊ?"

वाटेत मी हेच उत्तर घोकत आलो होतो, की माहीत नव्हतं. तुम्हालाही तेच सांगितलं होतं ना. पण त्यांच्याकडे पाहून म्हणालो, "माहीत होतं, अक्का. तुमचं बोलणं मी ऐकलं होतं. वाटलं, बाईमाणूस दुःखात बोलतंय, लग्नाच्या गाडीला डाग बरा दिसत नाही. आणि मला तो निघतो का ते पाहायचं होतं."

अक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चौदा वरीस मी त्या मानूसले खोटा म्हनं." त्यांनी मला क्षमा केली नाही, मीही मागितली नाही. मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "आते बठ्ठासले सांगजो, नानानी शबद मोडेल नही." मुलगा खाली मान घालून हो म्हणाला. सुनेने चहा आणला, तो त्यांनी मला घेऊ दिला.

नाना, तुमच्या नावावरचं ते मी उतरवून आलो. तुम्हाला खोटं सांगितलं होतं, ते मात्र आज पहिल्यांदाच लिहितोय.