तीन बंगले, एक सोफा

दादा,

उठलास की आधी फोन चालू कर. काल तुझ्या मालिकेचा पहिला भाग आला, दोन-चार जणांनी "तीन कोट्यधीशांच्या बंगल्यांत एकच सोफा!" म्हणून टर उडवली आणि तू फोन बंद करून झोपलास. अरे, आता सगळं लेगॉस तुझ्या मालिकेतल्या त्या बिघडलेल्या श्रीमंत पोरासाठी रडतंय! एक बाई लिहिते, "बघून झालं आणि लगेच लेकाला फोन लावला." जिंकलास तू!

बाबांनीही पाहिली. आत्ता खिडकीतून शेजाऱ्यांना ओरडून सांगत होते, "ओबिओरानं केलीय, माझ्या मुलानं!" तू कॉलेज सोडलंस तेव्हापासून त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं नव्हतं.

मी कामावर निघालेय. अकाराचे गरम वडे झाकून ठेवलेत, दोघांना पुरतील. बाबा तुझ्यासाठी खायचे थांबून राहिलेत.

इफेओमा