दहा चिंचोक्यांची ओळ

गडचांदूर
११ डिसेंबर २०२४

चि. रिना,
सप्रेम जय भीम. घरी सगळे बरे असतील. जिवतीकडे थंडी जास्त असेल, इकडेही आहेच.

न तपासताच दुसऱ्यांनी आपलं उत्तर चूक ठरवायचं आणि आपण गप घरी जायचं, ही तुझ्या-माझ्यासारख्यांची पिढ्यांची तक्रार. परवा राजुऱ्याच्या सभेत यावरच मी तासभर बोललो. टाळ्या पडत होत्या, आणि मला तुझा चेहरा दिसत होता.

दोन तारखेला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक मीच होतो. तू चौकटींचा पुठ्ठा मांडून नियम सांगितलास. भोवतीच्या आठ घरांत दोन किंवा तीन चिंचोके असले तर चिंचोका जगतो, नाहीतर मरतो. रिकाम्या घराभोवती नेमके तीन असले तर तिथे नवा जन्मतो. असा एक फेरा म्हणजे एक पाऊल.

"सर, दहाची ओळ ठेवली का थोड्या पावलांनं एक आकृती बनते. मंग दर पंधरा पावलांनं तेच आकृती वापस येते."

मी तपासायला बसलो. टोकाच्या चिंचोक्याला शेजारी एकच, म्हणून उचलला. मग पुढचा टोकाला आला. तोही उचलला. असे दहाही उचलले.

"असं नाई सर! आधी सगळ्यायचं मोजा, मंग संगच बदलवा."

"तू मले शिकवून राह्यली का? कुठी आहे तुही आकृती?"

रिकाम्या पुठ्ठ्याकडे पाहून लोक हसले. मी शून्य गुण दिले.

त्याच संध्याकाळी मी घरी तुझ्या पद्धतीनं मांडून पाहिलं. पंधरा पावलं. पुन्हा पंधरा. तीच आकृती.

म्हणजे नऊ दिवस मला माहीत आहे.

काल बाजारात तुझे बाबा, लहानूभाऊ, भेटले. "रिना शाळेत जातच नाई सर. म्हणते, मले काई येत नाई. तुमीच समजवा तिले." माझ्यापुढे त्यांनी हात जोडले. मी "बघतो" म्हणालो. चूक माझी होती, एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही. उद्या माझ्या भाषणाला कोण बसेल, ही भीती.

सोबत अर्ज आहे. परीक्षक अश्वजित दुर्गे यांनी चुकीच्या पद्धतीनं तपासलं, फेरतपासणी व्हावी, असं मीच लिहून खाली सही केली आहे. विद्यार्थ्याच्या सहीशिवाय तो घेत नाहीत, आणि शुक्रवारी जिल्ह्याला नावं जातात. पत्र आणणारा धनराज दारात थांबेल.

मला माफ करायचं की नाही ते सावकाश ठरव. आधी अर्जावर सही कर आणि त्याच्या हातात दे.

तुला खोटं ठरवणारा,
अश्वजित दुर्गे