दशकाची मोहरी

१ जानेवारी २०१०
नवं दशक. दुकान उघडताच निर्णय घेतला: पँटची मोहरी, म्हणजे खालचा घेर, बावीस इंच. जगात मंदी येऊन गेली, माणसं धास्तावलीत. धास्तावलेल्या माणसाला घोट्याशी मोकळं लागतं. हे दशक ढगळ जाणार. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, डब्यातली मोहरी संपलीय, आधी तिचं बघा.

६ मार्च २०११
टीव्हीवर देशोदेशीचे लोक चौकात उतरलेत, सरकारं पडतायत. चौकात उतरायचं तर पळता आलं पाहिजे. मोहरी चोवीस केली. एक गिऱ्हाईक म्हणालं, मला बँकेत बसायचंय, पळायचं नाहीये. कापड उचलून चालतं झालं. जाऊ दे. काळाची चाहूल सगळ्यांनाच लागत नाही.

१९ ऑगस्ट २०१३
पोरांच्या पँटी पायांना चिकटलेल्या. चढवताना श्वास रोखत असणार. समोरच्या टेलरनं मोहरी बारावर आणली. त्याच्याकडे ही गर्दी. गर्दी घाबरलेल्यांचीच असते. म्हणजे मुद्दा माझाच.

६ जून २०१६, रात्री
उद्या मुलाचा पहिला इंटरव्ह्यू. पँट मी स्वतः शिवली. देश एकमेकांना दारं लावून घेतायत, आपण तरी मोहरी उघडी ठेवावी. मुलगा आरशासमोर उभा राहिला. म्हणाला, बाबा, यात आपण दोघं जाऊ.

७ जून
रेडीमेड घालून गेला. नोकरी लागली. पँटचा काही संबंध नाही. वाईट वाटलं. खूपच वाटलं.

३१ डिसेंबर २०१९
दशक संपलं. दुकानात मी आणि पंखा. बायको म्हणते, आता तरी तेरा करा, दुकान राहील. नाही केली. मी हट्टी नाही. मी बरोबर आहे.

१२ एप्रिल २०२०
सगळं जग घरात कोंडलंय. मुलगा कॉम्प्युटरवर मीटिंग करतो. दारातून डोकावलो: वर कडक शर्ट, खाली ढगळ पायजमा. बायकोला हाक मारून दाखवला. सगळं जग आज ढगळ घालून बसलंय. दुकान उघडू दे, मग बघा. दिवसभर टेप गळ्यात घालूनच हिंडलो.

१८ मे
दुकानं उघडायला परवानगी. कोणी आलं नाही. रात्री मुलाला म्हटलं, आता तुझी पँट शिवतो, चोवीस. तो म्हणाला, कॅमेऱ्यात खालचं दिसतच नाही, पँट कोणाला हवीय. मग म्हणाला, शर्ट शिवून द्याल का?
एवढ्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा काही मागितलं. हो म्हणालो. मी जन्मभर पँटीच शिवल्या. कॉलर मला कधी जमली नाही.

१९ मे
समोरच्या टेलरला फोन केला. कॉलर कशी बसवतात ते विचारलं. त्यानं नीट सांगितलं. मोहरीचा विषय दोघांनीही काढला नाही.