तिसरी बाई

४ जाने., रवि.
गाइडच्या मुलींच्या पालकांची सभा, शाळेत. खुर्च्या भरपूर, माणूस एक. तेही मी, आजी. लेकीची ड्युटी म्हणून. गाइड शिकवणाऱ्या प्रज्ञा टीचर ठाण्याहून येतात. रडवेल्या झाल्या. खारबावच्या कॅम्पला मुलींसोबत मुक्कामाला तीन बायका हव्यात, नाहीतर कॅम्प रद्द. आमची नात मिठू घरी येईपर्यंत रस्त्यातले खडे लाथाडत होती.

५ जाने., सोम.
गिरणीत दळण घेताना डोक्यात आलं. रविवारी लूम चालू, सगळे पालक मागावर कामाला! इथली सुट्टी शुक्रवारी. टीचरचं ठीक, पण मी इथली असून... लगेच टीचरना फोन. "शुक्रवारी बोलवा. नमाजनंतर."

९ जाने., शुक्र.
वर्ग भरला! सलीमभाई टेम्पो देणार. कामतघरच्या सुनंदाताई नर्स, त्या मुक्कामाला येणार. बापमंडळी सगळी तयार, पण मुलींच्या कॅम्पात रात्री बाप चालत नाहीत.
"मग आमचा उपयोग काय?" सलीमभाई.
"कांदे चिरा आणि संध्याकाळी घरी जा." सुनंदाताई. काय हसले सगळे!
दुसरी मी. गुडघ्यांना अजून सांगितलेलं नाही.
तिसरी? सलीमभाईंच्या बायकोचे, शबानाचे, डोळे चमकले. मग हळूच, "अम्मींना विचारावं लागेल, मावशी." अम्मी म्हणजे सासूबाई.

११ जाने., रवि.
अम्मींकडे गेले. "रातचा मुक्काम? आमच्या घरात न्हाय चालत."
वाद घातला नाही. माझ्या पहिल्या कॅम्पचं सांगत बसले. कॉन्व्हेंटच्या सिस्टरची शिट्टी, धुरकट खिचडी, आईने कपड्यांत लपवून दिलेला लाडवांचा डबा. रात्री घर आठवून रडले, आणि निघताना घरी जायचं नाही म्हणून.
अम्मी पान लावत ऐकत होत्या. मग एकदम, "सकालची चाय कितीला भेटते?"
"सहाला."
"लई उशीर."
एवढंच. होकार नाही. पण 'न्हाय'सुद्धा परत आलं नाही.

१५ जाने., गुरु.
उद्या निघायचं. ट्रंकेतून शाळेतला गाइडचा स्कार्फ काढला. डांबरगोळ्यांचा वास, आणि कुठेतरी सगळ्या मैत्रिणी.
"आजी, याचा रंग गेलाय."
"माझाही."
संक्रांतीचे तिळाचे लाडू डब्यात भरले. आता लपवायला नकोत.
संध्याकाळी शबानाचा फोन, कुजबुजत. "मावशी, अम्मींनी बॅग भरून दारात ठेवलीय. चहापत्ती पण टाकली."
"म्हणजे पाठवतायत तुला!"
"पण माझे कपडे तर कपाटातच हायत."
मिठू घरभर नाचतेय. सकाळी टेम्पो त्यांच्याच दारातून निघणार. बघू, कोण चढतं.