चार इंच कमी पडलेलं अस्तर

३ डिसेंबर, सोमवार. सकाळी ८.

उबग आला. हॉलमधल्या खुर्चीवर ती अर्धवट गोधडी आज सोळाव्या दिवशीही तशीच. वरची बाजू हिने, म्हणजे बायकोने, पूर्ण केली आहे. जुन्या कपड्यांचे बेचाळीस चौकोन. मग ही बाथरूममध्ये घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये. खालचं अस्तर तेवढं राहिलं. तेही फ्लीसचं, कारण ठमीला मऊ हवं!

ठमी म्हणजे नात. वय वर्षं चार. रविवारी १६ तारखेपासून ती आईबापांची खोली सोडून स्वतःच्या पलंगावर झोपणार आहे. गोधडी मिळाली तरच, अशी अट. या वयात अटी!

निर्णय: अस्तर मी लावणार. कन्व्हेयर बेल्टच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होतो. माझ्या शिक्क्याशिवाय एक बेल्ट गेटबाहेर गेला नाही. त्यापुढे ही हातभर चिंधी! बुधवार संध्याकाळपर्यंत तयार.

ठमी माझ्याकडे येत नाही. मी हॉलमध्ये आलो की हिच्या पाठीमागे लपते. कारण एवढंच की ऑगस्टमध्ये तिने माझे कारखान्यातले शिक्के घेऊन विम्याच्या कागदांवर, पेन्शनच्या फॉर्मवर आणि भिंतीवर उठवले आणि मी ओरडलो. जरा मोठ्याने. शिक्के दोन आहेत, निळा 'पास' आणि लाल 'नापास'. तेव्हापासून दोन्ही कपाटात कुलूपबंद. गोधडी बघून ती एकदा आपणहून जवळ आली तर बरं वाटेल. तसं माझं काही अडलेलं नाही.

४ डिसेंबर, मंगळवार.

कापडाचं दुकान. फ्लीस हाताला कसं लागतं? भिजून वाळलेल्या कुत्र्यासारखं. शी!

दुकानदार म्हणाला, काका, सगळ्या बाजूंनी चार-चार इंच जास्त घ्या, शिवून झाल्यावर कापता येतं. मी म्हटलं, मापात काम करणाऱ्याला जास्तीचं लागत नाही. वरची बाजू छत्तीस बाय बेचाळीस इंच. बरोबर तेवढाच तुकडा कापून घेतला. पिवळा, त्यावर पांढरे ढग.

निघताना म्हणे, आडवं ताणू नका हं, हे कापड ताणलं जातं. ताण काय असतो ते मला शिकवतोय! आमच्या अख्ख्या खात्याचं नावच 'ताण व जोड' होतं.

५ डिसेंबर, बुधवार. दुपारी.

एक कड तिरकी निघाली. दुकानदाराचा हात. सरळ केली. मग समोरची तिच्याशी जुळेना, म्हणून तीही सरळ केली. मग पहिली पुन्हा तिरकी वाटायला लागली. टेबल तिरकं असावं.

पिवळा भुगा सगळीकडे. चहात, मिशीत, चष्म्यावर. एक तंतू गिळला.

संध्याकाळी. रुंदी बत्तीस इंच. चार इंच कमी. आज पूर्ण करणार नाही. घाईत केलेल्या कामाचा मला तिटकारा आहे.

७ डिसेंबर, शुक्रवार.

काल विश्रांती. आज अस्तराला इस्त्री केली. ही आतून ओरडली की फ्लीसला गरम इस्त्री चालत नाही. तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत काम झालं होतं. अत्यंत घाण वास. इस्त्रीच्या तळाला अर्धा ढग चिकटला आहे. अस्तराच्या कोपऱ्यात रुपयाएवढं भोक.

भोकावर बाहेरून खिसा लावतो. गोधडीला खिसा ही कल्पना आजवर कुणाला सुचली नाही, याचंच नवल वाटतं.

९ डिसेंबर, रविवार.

चार इंचांचा प्रश्न सुटला. तत्त्व साधं आहे, ताणाशिवाय जोड टिकत नाही. जेवणाच्या टेबलावर अस्तर पसरलं, दोन्ही बाजूंनी सुताराचे शिकंजे लावले आणि ओढलं. बत्तीसचे छत्तीस झाले! अस्तरावरचे ढग जरा लांबट दिसतात. चालायचंच, ढगांना कुठे माप असतं?

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, सोडल्यावर ते परत मागे येईल, मग काय कराल? मी म्हटलं, वरून शिवल्यावर कुठे जातंय! ती हसली. प्लास्टर धरून हसली. माणसाने दुखणं असताना हसू नये.

जेवण सगळ्यांनी उभ्यानेच केलं. सूनबाईंनी भांडी जोरात ठेवली. ठमी दाराआडून बघत होती. मी हसलो तर पळाली.

१२ डिसेंबर, बुधवार.

गोधडीची वरची बाजू ताणलेल्या अस्तरावर ठेवून टाचण्या लावल्या. मोजून साठ. काम असं असतं.

ताण सुटू नये म्हणून शिकंज्यांमध्ये दोन काठ्या अडकवल्या आणि सगळं तसंच मशीनखाली घेतलं, तर अस्तर एकीकडे चाललं आणि वरचे चौकोन दुसरीकडे. खाली वाकून बघितलं तर मशीनचे दाते पिवळ्या भुग्याने भरलेले. अक्षरशः किळस आली. टूथब्रशने साफ केले. टूथब्रश माझाच निघाला, हे संध्याकाळी कळलं.

१४ डिसेंबर, शुक्रवार.

शिवण झाली. चारही कडा आणि मधून तिरक्या रेघा. रेघांना मी लहरी म्हणतो, कारण त्या तशाच आल्या आहेत.

टाचण्या काढल्या. एकोणसाठ. तीनदा मोजल्या, एकोणसाठ. पाकिटात एक कमी असणार. हल्ली कंपन्यांना मोजता येत नाही.

मग शिकंजे काढले.

१५ डिसेंबर, शनिवार.

काल लिहवेना. शिकंजे सुटताच गोधडी आत वळली. दोन्ही बाजू उचलल्या गेल्या, पोट खाली. जमिनीवर ठेवली तर डुलते. ही म्हणाली, अख्खं उसवा आणि पुन्हा लावा, मी बसून सांगते. म्हणजे एकतीस वर्षांचा अनुभव उसवा!

वर शब्दकोश ठेवून दाबली आहे. सकाळपर्यंत बसेल.

१६ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ७.

बसली नाही. वेळेवर मात्र दिली. ठमीच्या पलंगावर ठेवली. ती आधी दारात थांबली. मग आत येऊन गोधडीत, म्हणजे गोधडीच्या पोटात, जाऊन बसली आणि म्हणाली, होडी! खिशात एक खडू ठेवला, तो मागच्या भोकातून आत गेला आणि दुसऱ्या टोकाला सुटलेल्या शिवणीतून निघाला. तेही तिला आवडलं. माझ्याकडे बघून हसल्याचा भास झाला. भास नव्हे, हसली.

आकार मुद्दामच तसा ठेवला होता, असं सूनबाईंना सांगितलं. मोहीम फत्ते.

१७ डिसेंबर, सोमवार. सकाळी ७.३०.

ठमी आली. आपणहून. मी आरामखुर्चीत, तर थेट गुडघ्याशी येऊन उभी राहिली. चार महिन्यांत पहिल्यांदा. वेळ लिहून ठेवतो.

मग तिने मूठ उघडली. तळहातावर टाचणी.

आजोबा, ही तुमची आहे, होडीत होती, असं म्हणाली. बोटाला बारीकसा लाल ठिपका. तक्रार नाही, रडणं नाही. हरवलेली वस्तू परत द्यायला आली होती. काल ती आईबापांच्याच खोलीत झोपली, हे सूनबाईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं. भांड्यांचा आवाज न करता, आणि तेच जास्त लागलं.

साठावी टाचणी. कंपनीला मोजता येतं. एकोणसाठ मोजून मी पोरीच्या अंगावर माल पाठवला. आठ-पंधरा दिवस दुकानदार, मशीन, भुगा, सगळ्यांची शिसारी आली, पण आजच्यासारखी कुणाची आली नव्हती.

उठून कपाट उघडलं आणि दोन्ही शिक्के तिच्यापुढे ठेवले. तिला वाचता येत नाही. तिने रंग बघितले, लाल उचलला आणि इथे, याच पानावर, जोर लावून उठवला.

नापास. तिरका आहे, पण स्वच्छ वाचता येतो.

मी ओरडलो नाही. नियमाप्रमाणे शिक्क्याखाली तपासनिसाची सही लागते, तर पेन तिच्या हातात दिलं. तिने एक गोल काढला.

९ वाजता. उसवायला बसलो आहे. ही खुर्चीवरून सांगते आहे, आणि मी ऐकतो आहे. दुकानदाराकडून नवीन फ्लीस आणायचं, चार-चार इंच जास्त. टाचण्यांचा डबा ठमीकडे आहे. मोजायला मला बंदी.