रविवारी दहाचा वर्ग

मयूर विहार, दिल्ली
२० जून २०२५

तीर्थस्वरूप दादा,

कौशल्येचा नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींनी पाठवलेलं मेतकूट पोचलं. इथे ऊन असं आहे, की मेट्रोतून उतरून घरी येईपर्यंत जीव नकोसा होतो. बाकी ऑफिस, तब्येत, सगळं ठीक.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "यूपीएससीच्या यादीत तिचा नंबर नाही. तीन वर्षं बास झाली. एकोणतीसला येतो आणि वैभवीला कराडला घेऊन जातो." मी नुसतं 'अच्छा' म्हटलं. तुमच्यापुढे माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमची लेक अभ्यास सोडून शिकवण्या करते असं तुमच्या कानावर आलं, ते खरं आहे. दर रविवारी दहाला माझ्याच हॉलमध्ये वर्ग भरतो. वेबसाइट बनवायची रूबी नावाची भाषा ती शिकवते, तीही मराठीतून. नऊ जण येतात. बहुतेक यूपीएससीचे सगळे अटेम्प्ट संपलेली आपल्याकडची मुलं, आणि एक मी. हो, मी. पंचावन्नाव्या वर्षी. हसा.

पहिले दोन रविवार मी चुकलेली ओळ पुसतच नव्हते. तिच्यापुढे खूण करायची, तारीख आणि आद्याक्षरं घालायची, मग खाली नवी ओळ लिहायची. मिनिस्ट्रीतली सवय. वैभवी मागे उभी राहून म्हणाली, "आत्या, पुसून टाक ना. फाइल नाहीये ही." चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी लिहिलेलं पुसून टाकलं आणि कुणी खुलासा मागितला नाही. दिवसभर मजेत होते.

संग्राम म्हणून बुलढाण्याचा मुलगा येतो. सहा वेळा परीक्षा देऊन खचलेला, मान वर करून बोलत नसे. एकदा म्हणाला, "हे क्लास आणि ऑब्जेक्ट डोक्यात शिरत नाही यार." वैभवीने विचारलं, "परीक्षेचे फॉर्म भरलेस ना सहा वेळा? कोरा फॉर्म म्हणजे क्लास. कोणती माहिती हवी, एवढंच त्यात ठरलेलं. तू तुझं नाव घालून भरलास, की तो एक ऑब्जेक्ट. मी भरला, की दुसरा." गेल्या आठवड्यात त्याने करोल बागेतल्या त्याच्या मेसचं पान बनवलं. आज कोणती भाजी, ते मोबाइलवर दिसतं. आम्हाला दाखवताना पोरगा ताठ उभा होता.

फॉर्म म्हटल्यावर मला मात्र माझा आठवला. १९९१चा, कारकुनाच्या परीक्षेचा. तुम्ही भरलात, मी सही केली. मला गणितात एम.एस्सी. करायचं होतं, हे तुम्हाला माहीत होतं. नोकरीने घर दिलं, मान दिला, नाही म्हणत नाही. पण माझा राग गेलेला नाही, दादा. तुम्हाला हे आज पहिल्यांदा सांगते आहे.

आता जे इतका वेळ टाळते आहे ते. वैभवी नापास झालेली नाही. तिने परीक्षा दिलीच नाही. त्या सकाळी मी तिच्या हातावर दही घालायला गेले, तर म्हणाली, "आत्या, मी जात नाही. मला शिकवायचंय. बाबांना काय सांगू?" मीच म्हटलं, "पेपर अवघड गेला म्हण." खोटं तिचं नाही, माझं आहे. तिला एक शब्द बोलायचा नाही. ओरडायचं तर मला ओरडा.

एकोणतीसला जरूर या. स्टेशनवर घ्यायला मी येते. त्या दिवशी रविवार आहे, वर्ग नेहमीसारखा होईल, तुमच्यासाठी मागे खुर्ची ठेवते. पण वैभवीचं परतीचं तिकीट काढलं असेल, तर रद्द करा. ती येणार नाही, आणि मी तिला पाठवणार नाही.

कालपर्यंतची तुमची आज्ञाधारक,
कौशल्या